‘आय वंडर’ : एका साध्या शिपायाचे गाणे आणि लाखेची टंचाई

धागाकर्ता : तबकडीप्रेमी

१९४४ साली लॉस एंजेलिस शहरात निघालेल्या एका तबकडीच्या लेबलवर गायकाच्या नावाआधी त्याचा लष्करी हुद्दा छापलेला होता : ‘प्रायव्हेट सेसिल गँट’. प्रायव्हेट म्हणजे अमेरिकी भूदलातील सर्वांत खालच्या पायरीवरचा शिपाई. गाण्याचे नाव होते ‘आय वंडर’. अमेरिकेतील कृष्णवर्णीय वस्त्यांमधल्या ज्यूकबॉक्सवर (नाणे टाकले की हवी ती तबकडी वाजवणाऱ्या यंत्रावर) हे गाणे इतके वाजले, की १९४५ च्या सुरुवातीस ते ‘बिलबोर्ड’ साप्ताहिकाच्या त्या वस्त्यांसाठी असलेल्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचले, आणि गोऱ्या श्रोत्यांसाठीच्या मुख्य यादीतही त्याने जागा मिळवली. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या ‘ऱ्हिदम अँड ब्लूज’ या कृष्णवर्णीयांच्या लोकप्रिय संगीतप्रकाराचा इतिहास लिहिणारे अभ्यासक आपली गोष्ट पुष्कळदा याच तबकडीपासून सुरू करतात. मला हे गाणे फार प्रिय आहे, आणि ते ज्या परिस्थितीतून वर आले ती परिस्थिती मला गाण्याइतकीच विलक्षण वाटते, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

गाण्यात युद्धाचा नामोल्लेखही नाही. चांदणे पडले आहे, रात्र झाली आहे, आणि एक माणूस आपल्या प्रियेला मनातल्या मनात विचारतो आहे, की तू आता कुठे असशील, आणि मी इतक्या दूर असताना तुला माझी आठवण येत असेल का. एवढेच. पण लेबलवरचा तो हुद्दा वाचल्यावर ‘दूर’ या शब्दाचा अर्थ ऐकणाऱ्याला वेगळा सांगावा लागत नसे. ज्या घरातला मुलगा, भाऊ किंवा नवरा फौजेत गेला होता, त्या घराला हे गाणे आपलेच वाटले असल्यास नवल नाही. आणि त्या वर्षी असे घर शोधायला फार लांब जावे लागत नव्हते.

गँटचा जन्म १९१३ साली टेनेसी राज्यात झाला. युद्धापूर्वी तो नॅशव्हिलमध्ये पियानो वाजवून पोट भरत असे. फौजेत भरती झाल्यावर तो लॉस एंजेलिसला आला. तिथे युद्धरोखे विकण्यासाठी भरवलेल्या एका जाहीर सभेत, मध्यंतरी पियानो रिकामा दिसल्यावर, त्याने वाजवण्याची परवानगी मागितली आणि ऐकणारे जागीच खिळून राहिले, अशी हकिकत सांगितली जाते. त्यानंतर अशा सभांमधून गाण्यासाठी त्याला बोलावणी येऊ लागली.

आता परिस्थितीविषयी. त्या काळात अमेरिकेतल्या मोठ्या तबकडी कंपन्यांचे हात दोन्ही बाजूंनी बांधले गेले होते. एक तर १ ऑगस्ट १९४२ पासून जेम्स पेट्रिलो यांच्या नेतृत्वाखालील वादक संघटनेने आपल्या सभासदांना तबकड्यांसाठी वाजवण्यास मनाई केली. ज्यूकबॉक्स आणि रेडिओवर तबकड्या वाजत राहिल्याने हाडामांसाच्या वादकांची रोजी बुडते, तेव्हा कंपन्यांनी प्रत्येक तबकडीमागे संघटनेच्या निधीत पैसे भरावेत, अशी मागणी होती. डेक्का कंपनीने सप्टेंबर १९४३ मध्ये ती मान्य केली, परंतु व्हिक्टर आणि कोलंबिया या दोन सर्वांत मोठ्या कंपन्या नोव्हेंबर १९४४ पर्यंत अडून बसल्या. दुसरे कारण लाखेचे. तबकडीला लागणारी लाख बहुतांशी हिंदुस्थानातून जात असे. युद्धामुळे समुद्रमार्ग धोक्यात आले, शिवाय दारूगोळ्याच्या कामासाठीही लाख हवी होती. म्हणून एप्रिल १९४२ मध्ये सरकारने तबकड्यांसाठीचा लाखेचा वापर सुमारे ७० टक्क्यांनी कमी करण्याचा हुकूम काढला. जुनी तबकडी मोडीत दिल्याशिवाय नवी मिळत नाही, असेही दिवस दुकानांतून आले.

जी थोडी लाख हाती होती ती मोठ्या कंपन्यांनी साहजिकच जास्त खपणाऱ्या गोऱ्या गायकांसाठी राखली, आणि कृष्णवर्णीय श्रोत्यांसाठीच्या तबकड्यांना पहिली कात्री लागली. दुसरीकडे, त्याच श्रोत्यांच्या खिशात कारखान्यांतील कामाचा पैसा पहिल्यांदाच खुळखुळू लागला होता. मागणी आहे, पैसा आहे, पण माल नाही, अशा त्या पोकळीत ‘आय वंडर’ आले. प्रथम ते ‘ब्राँझ’ नावाच्या लहानशा कंपनीने काढले. तिचे मालक लेरॉय हर्ट हे स्वतः कृष्णवर्णीय होते आणि तबकड्या स्वतःच दाबून तयार करत. मागणी त्यांच्या ताकदीबाहेर गेली. त्यानंतर गँटने हेच गाणे रिचर्ड नेल्सन यांच्या ‘गिल्ट-एज’ कंपनीसाठी पुन्हा गायले, आणि देशभर गाजली ती ही दुसरी आवृत्ती.

माझे म्हणणे असे आहे, की हे गाणे युद्धाने जे हिरावून घेतले होते त्यातून वर आले. वाद्यवृंद नाही, मोठी कंपनी नाही, लाख पुरेशी नाही. एक पियानो, एक गळा आणि एक हाती दाबयंत्र. जाणकारांनी यावर अवश्य लिहावे.

प्रतिसाद : पळसपान

धागा मनापासून आवडला. लाखेचा उल्लेख वाचून लिहिल्यावाचून राहवले नाही, कारण आमच्या गोंदिया-भंडाऱ्याकडे पळस आणि कुसुम या झाडांवर लाख धरण्याचे काम मी लहानपणापासून पाहत आलो आहे. छोटा नागपूरचा पट्टा या धंद्यात सर्वांत मोठा, परंतु जिन्नस तोच. इवलेसे किडे कोवळ्या फांदीतील रस शोषतात आणि अंगातून पाझरणाऱ्या राळेचे कवच स्वतःभोवती बांधतात. फांदी कापून ते कवच खरवडून काढायचे, कुटायचे, धुवायचे, वाळवायचे. तो दाणा म्हणजे चपडा करण्यासाठीचा कच्चा माल.

चपडा करण्याची जुनी रीत तर डोळ्यांपुढून हलत नाही. कापडाची हातभर नव्हे, चांगली वीस-पंचवीस हात लांब, सापासारखी पिशवी लाखेच्या दाण्यांनी भरतात. तिचे एक टोक निखाऱ्यांच्या भट्टीपुढे धरलेले असते आणि दुसऱ्या टोकाला बसलेला माणूस ती सावकाश पिळत जातो. उष्णतेने वितळलेली लाख कापडाच्या विणीतून मधासारखी पाझरते. ती गरम असतानाच कारागीर तिचा गोळा उचलून, हातांनी, पायांच्या बोटांनी आणि दातांनीही धरून, चारही बाजूंनी ताणत ताणत कागदासारखे पातळ, मधाळ रंगाचे पान करतो. पान थंड झाले की काचेसारखे कडक होते आणि त्याचे तुकडे गोणीत भरले जातात.

तबकडीत ही लाख एकटी नसे. दगडाची वस्त्रगाळ पूड आणि काजळी हा त्यातील मोठा भाग, आणि त्या सगळ्याला धरून ठेवणारा चिकट बंध म्हणजे लाख. मिश्रणाची गरम वडी वाफेने तापवलेल्या दाबयंत्रात दोन साच्यांच्या मध्ये ठेवायची, दाब द्यायचा, मग गार पाणी फिरवून ती घट्ट करायची आणि कडा घासून काढायच्या. हे एकेक करून हाताने करणारा माणूस दिवसाकाठी किती तबकड्या काढणार? हर्ट यांची दमछाक का झाली असेल ते यावरून ध्यानात येते. लाख कमी पडली की कारखानदार जुन्या तबकड्यांचा चुरा त्यात मिसळत, आणि मग सुई फिरताना खरखर वाढे. युद्धकाळातल्या अनेक तबकड्यांचा आवाज असा राखट का, याचे एक उत्तर आमच्याकडच्या झाडांवर आहे.

प्रतिसाद : चिकित्सक

लेखन अभ्यासपूर्ण आहे, तरी दोन मुद्द्यांवर आक्षेप नोंदवतो.

पहिला मुद्दा नावाचा. १९४४ साली ‘ऱ्हिदम अँड ब्लूज’ हे नाव त्या यादीला नव्हते. ऑक्टोबर १९४२ मध्ये बिलबोर्डने ही यादी सुरू केली तेव्हा तिचे नाव ‘हार्लेम हिट परेड’ होते (हार्लेम ही न्यू यॉर्कमधील कृष्णवर्णीयांची वस्ती). १९४५ मध्ये तिच्या नावात ‘रेस’ (वंश) हा शब्द आला आणि जून १९४९ मध्ये ‘ऱ्हिदम अँड ब्लूज’ असे नाव देण्यात आले. नंतरचे नाव आधीच्या गाण्याला चिकटवताना हे भान ठेवायला हवे.

दुसरा मुद्दा श्रेयाचा. त्याच १९४४ साली लुई जॉर्डनचे ‘जी. आय. जाइव्ह’ दोन्ही यादींत पहिले आले होते. शिपायांचे आयुष्य थेट त्याच्या विषयातच आहे. नॅट किंग कोलच्या त्रयीचे ‘स्ट्रेटन अप अँड फ्लाय राइट’ हेदेखील त्याच वर्षीचे. जॉर्डनच्या उडत्या ठेक्यातून पुढचे ऱ्हिदम अँड ब्लूज आणि रॉक अँड रोल निघाले असे म्हणणे अधिक सयुक्तिक ठरेल. मग एका संथ, हळव्या गाण्याला आरंभबिंदू का मानायचे?

प्रतिसाद : तबकडीप्रेमी (धागाकर्ता)

पळसपान, आपला प्रतिसाद वाचून मला या तबकडीचे वजनच बदलल्यासारखे वाटले. मनःपूर्वक आभार.

चिकित्सक, पहिला मुद्दा पूर्णतः मान्य. दुसऱ्याविषयी मात्र मला वेगळे वाटते. जॉर्डन थोर कलावंत होता यात शंका नाही, आणि ठेक्याचा वारसा त्याच्याकडूनच अधिक आला हेही खरे. परंतु जॉर्डन डेक्काचा गायक होता. कोलची तबकडी कॅपिटॉलची होती आणि कॅपिटॉल नवी असली तरी भांडवलाने सबळ होती. त्यांच्या यशाने एवढेच सिद्ध झाले, की प्रस्थापित कंपनी कृष्णवर्णीय कलावंताची तबकडी खपवू शकते. ‘आय वंडर’ने सिद्ध केले ते निराळेच : कुणाच्याही आश्रयाशिवाय, गल्लीतल्या माणसाने काढलेली तबकडीही देशभर जाऊ शकते. आरंभ ठेक्याचा शोधायचा असेल तर जॉर्डनकडे जावे, आणि धंद्याची सूत्रे कुणाच्या हाती गेली हे पाहायचे असेल तर गँटकडे यावे, असे माझे मत आहे.

याचा एक ठोस दाखला देतो. लॉस एंजेलिसमध्ये ज्यूल्स बिहारी हे ज्यूकबॉक्सचा व्यवसाय करत. (आडनाव वाचून आपल्याकडचा समज होऊ नये, हे ज्यू कुटुंब होते.) त्यांच्या गिऱ्हाइकांना ‘आय वंडर’ हवे होते आणि त्यांना त्याच्या प्रती मिळत नव्हत्या. मिळत नसेल तर आपणच तबकड्या काढाव्यात, या विचारातून ज्यूल्स आणि त्यांच्या भावांनी १९४५ मध्ये कंपनी काढली, तीच पुढची ‘मॉडर्न रेकॉर्ड्स’. हॅडा ब्रुक्स या पियानोवादिकेपासून त्यांनी सुरुवात केली, आणि काही वर्षांनी ब्लूजचा नामवंत गिटारवादक-गायक बी. बी. किंगच्या उमेदवारीच्या काळातल्या तबकड्या याच घरातून बाहेर पडल्या. एका गाण्याच्या तुटवड्यातून एवढे झाड वाढले.

तारखांकडेही पाहावे. व्हिक्टरने वादक संघटनेशी समेट केला नोव्हेंबर १९४४ मध्ये, म्हणजे गँटचे गाणे सर्वत्र पसरल्यानंतर. मग त्यांनी आपल्या ब्लूबर्ड या शाखेवर रूझवेल्ट साइक्सकडून हेच गाणे गाऊन घेतले. जानेवारी १९४५ मध्ये जॅझचा विख्यात गायक-ट्रम्पेटवादक लुई आर्मस्ट्राँगनेही ते डेक्कासाठी ध्वनिमुद्रित केले. साइक्सची तबकडी फेब्रुवारीत पहिल्या क्रमांकावर गेली, आणि तिने ज्या तबकडीला तिथून खाली उतरवले ती गँटचीच होती. एकच गाणे, दोन गायक, पाठोपाठ पहिले. मोठ्या कंपन्या या वेळी एका शिपायाच्या मागून धावत होत्या.

प्रतिसाद : पैलतीर

मी गेली बरीच वर्षे लॉस एंजेलिस परिसरात राहते, म्हणून स्थळाविषयी थोडे लिहिते. या कथेचा रस्ता म्हणजे सेंट्रल अव्हेन्यू. त्या काळी घरविक्रीच्या करारांतच वर्णाच्या अटी घातलेल्या असत. त्यामुळे कृष्णवर्णीयांना राहण्याजोगा भाग शहरात मोजकाच होता, आणि क्लब, हॉटेले, वर्तमानपत्रे, सलून, तबकड्यांची दुकाने असे सारे काही या एका रस्त्याच्या आजूबाजूला एकवटले होते. १९२८ साली बांधलेले डनबार हॉटेल अजून उभे आहे. शहरातील गोऱ्यांची हॉटेले ज्यांना खोली देत नसत, ते नामवंत संगीतकार येथे उतरत. आता त्या इमारतीत ज्येष्ठ नागरिक राहतात. एकदा दुपारी मी तिथे गेले होते. आतला उंच चौक, भोवतालचे सज्जे आणि खालची थंड फरशी पाहताना इथे रात्री किती सूर घुमले असतील, या कल्पनेने गलबलून आले.

युद्धात या शहराची लोकसंख्या झपाट्याने बदलली. १९४० साली येथे सुमारे ६४ हजार कृष्णवर्णीय होते, ते १९५० पर्यंत १ लाख ७१ हजारांवर गेले. टेक्सास, लुइझियाना यांसारख्या राज्यांतून माणसे जहाजबांधणीच्या गोद्यांत आणि विमानांच्या कारखान्यांत कामाला आली. त्या कारखान्यांचे दरवाजेही आपोआप उघडले नव्हते. शयनयानातील सेवकांच्या, म्हणजे पुलमन पोर्टरांच्या, संघटनेचे नेते ए. फिलिप रँडॉल्फ यांनी वॉशिंग्टनवर मोर्चा नेण्याचा इशारा दिला, तेव्हा जून १९४१ मध्ये अध्यक्ष रूझवेल्ट यांनी संरक्षण उद्योगांत वर्णभेदास मनाई करणारा आदेश काढला. हे पोर्टर आगगाडीने देशभर फिरत आणि जाताना तबकड्याही नेऊन गावोगावी विकत. छोट्या कंपन्यांकडे वितरणाची यंत्रणा नव्हती, तेव्हा हीच त्यांची यंत्रणा. धाग्यातील ‘देशभर गाजली’ या दोन शब्दांमागे या माणसांची पायपीट आहे, ती नोंदवली जावी असे वाटते.

आणखी एक. गँट ज्या फौजेचा गणवेश घालून गात होता, त्या फौजेत कृष्णवर्णीयांच्या तुकड्या वेगळ्या ठेवल्या जात. ही पद्धत मोडण्याचा आदेश अध्यक्ष ट्रुमन यांनी जुलै १९४८ मध्ये काढला. ‘पिट्सबर्ग कुरियर’ या कृष्णवर्णीयांच्या वर्तमानपत्राने १९४२ पासून ‘दुहेरी विजया’ची मोहीम चालवली होती : एक विजय परदेशातील शत्रूवर आणि दुसरा घरातील अन्यायावर. लेबलवरील ‘प्रायव्हेट’ हा शब्द गोऱ्या दुकानदाराला विक्रीची युक्ती वाटला असेल, पण त्या वस्तीत तो अभिमानाने वाचला गेला असणार, असे मला ठामपणे वाटते.

प्रतिसाद : काळी_दोन

गाण्याच्या अंगाने लिहितो. ‘आय वंडर’ हे बारा मात्राखंडांच्या ठरीव साच्यातले ब्लूज, म्हणजे कृष्णवर्णीयांच्या दुःखगीतांचा जुना प्रकार, नाही. बांधणी त्या काळच्या लोकप्रिय संथ प्रेमगीताची आहे, परंतु गळा ब्लूजचा आहे, आणि त्याची सारी गंमत या दोहोंच्या सांध्यात आहे. गँट आवाज चढवत नाही. शब्द किंचित उशिरा सोडतो, स्वर खालून घसरत वर आणतो आणि ओळ संपल्यावर उरलेली जागा पियानोला देतो. आपल्याकडे गायकाने ओळ सोडल्यावर पेटीवाला जसा तीच आस धरून ठेवतो, तसे इथे तोच माणूस स्वतःच्या गाण्याला स्वतः साथ करतो आहे. त्यामुळे ऐकताना सभागृह डोळ्यांपुढे येत नाही. शेजारच्या खोलीत कुणीतरी एकटेच बसून गात असल्यासारखे वाटते.

मागच्या बाजूला ‘सेसिल बूगी’ आहे. तिथे हाच माणूस डाव्या हाताने न थकता एकच आवर्तन फिरवत ठेवतो आणि उजव्या हाताने मनसोक्त खेळतो. एका बाजूला विरह, दुसऱ्या बाजूला नाच, आणि प्रत्येक बाजू जेमतेम तीन मिनिटांची. ज्यूकबॉक्सच्या मालकाला याहून सोयीची तबकडी कुठली मिळणार?

ही हळुवार गायकी त्या शहरात रुजली. १९४५ साली जॉनी मूरच्या थ्री ब्लेझर्ससह चार्ल्स ब्राउनने गायलेले ‘ड्रिफ्टिंग ब्लूज’ याच जातकुळीचे आहे. साइक्सची आवृत्तीही ऐकावी. तो जुना, मुरलेला ब्लूज पियानोवादक, त्याच्या गळ्यात अधिक खडबडीतपणा आहे. आर्मस्ट्राँग अर्थातच आर्मस्ट्राँग आहे. तरीही तिन्ही लागोपाठ ऐकल्यावर मी पुन्हा गँटकडेच येतो. बाकीचे दोघे गाणे गातात, आणि हा माणूस विचारतो आहे असे वाटते.

प्रतिसाद : चिकित्सक

धंद्याची सूत्रे हा मुद्दा पटला. आक्षेपाचा तो भाग मागे घेतो. गँटचे पुढे काय झाले? त्याच्या नावाचे दुसरे मोठे गाणे माझ्या ऐकण्यात नाही.

प्रतिसाद : तबकडीप्रेमी (धागाकर्ता)

पैलतीर आणि काळी_दोन, आपण दोघांनी माझ्या लेखातील उणिवा भरून काढल्या. पोर्टरांचा उल्लेख माझ्याकडून राहून जायला नको होता.

चिकित्सक, आपल्या प्रश्नाचे उत्तर लिहिताना जीव थोडा जड होतो. युद्ध संपल्यावर गँट नॅशव्हिलला परतला. जिम बुलेट यांनी १९४६ मध्ये तिथे सुरू केलेल्या ‘बुलेट’ कंपनीसाठी त्याने ‘नॅशव्हिल जम्प्स’ गायले. ज्या शहराचे नाव आज कंट्री संगीताशी जोडले जाते, त्या शहराच्या नावाचे हे ऱ्हिदम अँड ब्लूजमधले गाणे आवर्जून ऐकण्यासारखे आहे. त्यानंतर किंग, इम्पिरियल, डॉट, डेक्का अशा कितीतरी कंपन्यांसाठी तो गात-वाजवत राहिला. संथ गाणी, धडाडती बूगी, सारे काही त्याने केले. पण ‘आय वंडर’ला जे मिळाले ते पुन्हा कशालाच मिळाले नाही. मद्यपानाने तब्येत ढासळत गेली.

ज्या लहान कंपन्यांना त्याच्या यशाने वाट दाखवली, त्यांनी तोवर इतके नवे गायक पुढे आणले होते की बाजाराला त्याची गरज उरली नव्हती. जो लिगिन्सचे ‘द हनीड्रिपर’ १९४५ मध्ये अठरा आठवडे पहिले राहिले, तेही लॉस एंजेलिसच्या ‘एक्सक्लुझिव्ह’ या अशाच कंपनीचे, आणि तिचे मालक लिऑन रेने हेसुद्धा कृष्णवर्णीय. गँटने उघडलेल्या दारातून लोक किती वेगाने आत आले हे यावरून दिसते.

१९५० साली डेक्काने त्याचे ‘वी आर गोना रॉक’ काढले. रॉक अँड रोल हे नाव सर्वतोमुखी होण्यास अजून काही वर्षे अवकाश होता, आणि इथे तो माणूस पियानोवर जवळजवळ तेच वाजवतो आहे. त्या तबकडीचे लेबल पाहिले तर त्यावर गायकाचे नाव ‘गंटर ली कार’ असे छापलेले आहे. हुद्दा नाही, आणि त्याचे स्वतःचे नावही नाही. ४ फेब्रुवारी १९५१ रोजी नॅशव्हिलमध्ये न्यूमोनियाने त्याचा मृत्यू झाला. तेव्हा तो ३७ वर्षांचा होता.